बदकांची मुकादमीण

खोली दाखवताना त्यांनी मला आधी पाली दाखवल्या.

“ह्या तिघी हितल्याच. ट्यूबलाइटीच्या वरची थोरली हाय. तिला झाडू लावायचा न्हाई, फवारा मारायचा न्हाई. मच्छर ती खाती, तुमी न्हाई.”

“आणि चौथी आली तर?” मी गमतीनं विचारलं.

“यीना की. एक रात ऱ्हाईल. मंग थोरली हाकलून काढंल तिला. हितं तिघींपुरतेच किडे हायती.”

धर्मापुरीपासून थोड्या अंतरावरच्या त्या गावात मी कृषी सहायक म्हणून रुजू झालो होतो. बिऱ्हाड तिकडं तलवाड्याला, मी इथं एकटा. या बाई माझ्या घरमालकीण. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. गाव त्यांना मावशी म्हणायचं, मीही मावशीच म्हणायचो. साठी ओलांडलेली, उंच, सडसडीत बाई. डाव्या हाताची करंगळी अर्धीच. उरलेली कोयत्यानं नेली होती, कर्नाटकातल्या कुठल्याशा फडात. नवऱ्याबरोबर अठरा हंगाम ऊस तोडला, त्यातून तीन एकर काळी जमीन केली. नवरा गेला, लेक धर्मापुरीत दिलेली. घरात या एकट्या.

माझ्या शेजारची खोली कायम रिकामी असायची. शाळेतले दोन मास्तर येऊन विचारून गेले. त्यांना एकच उत्तर मिळालं, “बोरला पानी एका बिऱ्हाडाचं हाय. दुसरं बिऱ्हाड घालून दोघांनाबी भांडत बसवू का?” शेळ्या तीन. चौथं करडू मोठं झालं की त्याची रवानगी बाजारात. लिंबाच्या झाडावर कावळ्यांचं एक घरटं, त्यावरही त्यांची नजर. अंगणात कोण किती राहील याचा हिशेब त्या डोक्यात ठेवायच्या, आणि तो कुणी मोडला की खवळायच्या.

त्या दयाळू होत्या असं कुणी समजू नये. कोंबडीची मान मुरगाळताना त्यांचं बोलणंही थांबत नसे. गोगलगाय दिसली की दगडावर दगड. जीव मारण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. तक्रार होती ती, कुणाला मारल्यावर कोण वाढतं हे न बघता मारण्याबद्दल.

हे सगळं त्या एका डब्यापासून शिकल्या होत्या. तो डबा त्यांनी मला किती वेळा ऐकवला असेल देव जाणे.

“तोडीला गेलते तवाची गोस्ट. जाताना डब्यात ज्वारी ठिवली, झाकण गच लावलं. त्यात चार-दोन किडे आसतील, माला काय ठावं. सा म्हैन्यांनी आले, झाकण काढलं. ज्वारी न्हाईच. भुगा. अन् भुग्यावर किडंच किडं, समदे मेलेले. कुणी मारलं वो त्यांला? औषध न्हवतं, कोंबडी न्हवती, ऊन न्हवतं. त्यांचं त्यांनीच. खाल्लं, वाढले, खाल्लं, वाढले, अन् एक दिवशी खायालाच न्हाई.” मग माझ्याकडं बोट रोखून, “तुमच्या पुस्तकात हाय का हे?”

आहे, मावशी. पुस्तकात आहे. मी ते पाठ करून परीक्षा पास झालो होतो. त्यांनी ते डब्यात हात घालून बघितलं होतं, फरक एवढाच.

त्यांच्या परसात बदकं होती. आमच्या जिल्ह्यात, जिथं उन्हाळ्यात माणसाला टँकरनं पाणी येतं, तिथं बदकं. कर्नाटकात तोडीला असताना भाताच्या खाचरात त्यांनी ती बघितली होती, गोगलगायी टिपताना. इकडं गोगलगायी वाढायला लागल्यावर कुणाकुणाला सांगून त्यांनी ती मागवली. आधी सात होती, पुढं नऊ झाली. न्हाणीचं पाणी एका खड्ड्यात साठवायच्या, तेवढ्यात ती लोळायची. सकाळी फटफटलं की दार उघडायच्या, हातात लांब काठी, आणि पुढं बदकांची रांग. बांधाबांधानं सोयाबीनच्या कडेनं. अगदी हद्दीच्या दगडापर्यंत जाऊन परत.

पारावरची मंडळी वाटच बघत असायची. “आली बगा बदकांची मुकादमीण! काय मावशी, टोळी कुन्या कारखान्यावर चालली?”

“माझी टोळी पळून तरी जात न्हाई,” त्या चालता चालता म्हणायच्या. “तुज्यावानी.”

हसणारा तो खरोखरच ऊसतोडीच्या एका मुकादमाच्या टोळीतून पळून आलेला. मग बाकीचे त्याला हसायचे.

त्यांच्या बांधावर झुडपं होती. इतरांनी बांध कोरून, जाळून, तणनाशक मारून साफ केले होते. यांच्या झुडपात भारद्वाजाची जोडी होती. तांबड्या पंखांचा तो पक्षी शंखातली गोगलगाय कशी ओढून काढतो ते त्यांनीच मला उभं करून दाखवलं. चार वर्षं नोकरी झालेली, तोवर मी ते कधी बघितलं नव्हतं.

मग ते वाईट वर्ष आलं. आधीच्या दोन वर्षांत पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता, आणि त्या वर्षी सोयाबीन दोन पानांवर आलं तेव्हा शिवारभर शंखी गोगलगायी. सकाळी रान बघावं तर ओळीच्या ओळी देठापासून गायब. दुबार पेरणी झाली, तीही खाल्ली. तालुक्याच्या साहेबांनी मोहीम लावली. मुरमुरे गुळाच्या पाण्यात भिजवायचे, त्यात औषध मिसळायचं, संध्याकाळी बांधाच्या कडेनं टाकायचं. मात्र गावानं एकाच दिवशी टाकायचं, एक रान सुटलं तर उपयोग नाही. संपूर्ण शिवार झालं असा दाखला मी द्यायचा होता.

ग्रामसभा भरली. शेजारचे सभापती उठले. पंचायत समितीचे सभापती ते कधीकाळी होते, पण ती पदवी त्यांच्या अंगाला चिकटलेली. मावशींच्या बांधाला लागून त्यांचा आठ एकर ऊस. ते म्हणाले, “समद्या गावानं टाकायचं ठरलंय. एकट्या मावशी न्हाई म्हनत्यात. त्यांच्या झुडपातच तर हे समदं पैदा होतंय.”

मावशी बायकांच्यात बसल्या होत्या. तिथूनच उठल्या.

“सभापती, गोगलगायीला माराया कोन लागतं ठावं हाय का? उनाळा. माझ्या ल्हानपनी चैत-वैशाखात जमीन फुटायची, त्यात ती मरायची. धांतल्या दोन वाचायच्या. आता तुमच्या उसात बाराई म्हैने गारवा, सावली, पाचट. तुमी तिचा उनाळाच बंद केला. अन् तिला खानारं पाखरू औषधानं मारलं. मरन बंद केलं, खानारं बंद केलं, अन् आता म्हनता वाढली कावून!”

“मंग ऊस मोडू का?”

“मोडा न्हाई तं नगा मोडू. माझी बदकं मोडाया यिऊ नगा.”

बायका हसल्या. सभापती हसले नाहीत. मी टेबलाशी बसलो होतो. बाई बोलत होत्या त्यातलं अक्षरन् अक्षर बरोबर होतं. मी उठून तसं म्हणू शकलो असतो. सभा संपल्यावर सभापतींनी मला बाजूला घेतलं. “साहेब, एका बाईपायी दाखला अडला तर वर काय सांगनार? बदलीचं बी तुमचं चाललंय म्हनं तलवाड्याकडं.” तेवढंच बोलले. तेवढं पुरलं.

आता पुढचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मोहिमेच्या दिवशी मी घरोघर फिरून सांगितलं, तीन दिवस कोंबड्या बांधून ठेवा, शेळ्या बांधावर सोडू नका. माझ्याच घरात सांगितलं नाही. मावशी त्या दिवशी लेकीकडं धर्मापुरीला निघाल्या होत्या. नातीचं काही दुखणं होतं. जाताना म्हणाल्या, “सायेब, मी उंद्या दुपारपर्यंत यीन. सकाळी बदकं तेवढी फिरवून आना. हद्दीच्या पल्याड जाऊ दिऊ नगा.” मी हो म्हणालो.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, मी त्यांच्या बांधावर मुरमुरे टाकले. माझ्या हातानं. मनाशी ठरवलं होतं, सकाळी बदकं सोडायची नाहीत, काहीतरी निमित्त सांगून दोन दिवस कोंडून ठेवायची. मग पाऊस पडेल, धुऊन जाईल, दाखल्यावर सही होईल, कुणाला कळणार नाही. आमच्या खात्यात सगळे असाच विचार करतात असं नाही. मी केला.

नातीला उतार पडला म्हणून मावशी पहिल्याच गाडीनं परत आल्या. मी अंथरुणात होतो. खुराड्याची कडी निघाल्याचा आवाज आला. मग बदकांचा कलकलाट. मग त्यांचा आवाज, “चला गं, चला. रातभर उपाशी ऱ्हायल्या.” काठी आपटत आपटत बांधाकडं गेली.

मी जागा होतो. दार माझ्यापासून चार पावलांवर. ओरडलो असतो तरी पुरलं असतं. पण ओरडायचं काय? का थांबवतो ते सांगावं लागलं असतं. मी छताकडं बघत पडून राहिलो, आणि आवाज लांब लांब गेला.

उन्हं वर यायच्या आत पाच बदकं गेली. लाळ गळत होती, माना वाकड्या, पाय ताणलेले. झुडपापाशी भारद्वाजाची मादी पडली होती. मावशी एक बदक पदरात घेऊन पळत आल्या, माझ्यापुढं ठेवलं. “सायेब, बगा की. काय झालं बगा की!”

मी वाकून बघितल्यासारखं केलं. म्हणालो, “साथ दिसते.”

एवढे दोन शब्द.

लोक जमले. कुणीतरी म्हणालं, “सभापतीच्या रानातले मुरमुरे खाल्ले आसतील.” मला वाटलं, सुटलो, यावर ढकलता येईल. पण मावशीच ताठ झाल्या. “माझी टोळी हद्द सोडत न्हाई. अन् माझ्या रानात औषध न्हाई.” त्यांच्या तोंडून ते निघालं आणि सगळ्यांना पटलं, कारण खरंच ती बदकं हद्द सोडत नव्हती. मग साथच उरली. आठच दिवसांपूर्वी त्यांनी परळीच्या बाजारातून दोन नवी बदकं आणली होती. तेही कुणाला तरी आठवलं.

दुपारी सभापतींची माणसं आली. उरलेली चार बदकं मारून पुरायची, नाहीतर गावच्या कोंबड्या मरतील. मावशी खुराड्याच्या दारात बसल्या. मांडीवर कोयता. “या. कोन पैल्यांदा येतंय ते बगू दे.” कुणी पुढं झालं नाही. पंधरा माणसं, एक म्हातारी, आणि कुणाचं पाऊल उचलेना. ती तशी बसलेली बाई मी आजही बघतो. गाव तिला हलवू शकलं नसतं.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. “ह्यांचं मी ऐकनार न्हाई. तुमी शिकलेले. खरं सांगा. माझ्या बदकांपायी लोकांच्या कोंबड्या मरतील का?”

मी म्हणालो, “मरतील.”

त्यांनी कोयता बाजूला ठेवला. उठल्या. खुराड्याचं दार स्वतःच उघडलं आणि घरात निघून गेल्या. चार धडधाकट बदकं त्या माणसांनी माझ्यासमोर मारली. त्यातली दोन परळीच्या बाजारातली. संध्याकाळी मी बांधावरचे उरलेले मुरमुरे वेचून घेतले. दुसऱ्या दिवशी दाखल्यावर सही केली.

त्यानंतर त्या माझ्याशी पहिल्यापेक्षा चांगल्या वागल्या, हे सगळ्यात वाईट. भाजी आणून द्यायच्या. एकदा चुलीपाशी बसून म्हणाल्या, “मीच आनला रोग, सायेब. समद्यांला शानपन शिकवीत फिरत हुते. बाजारातून दोन पाखरं आनली अन् सात मारली.” दुसऱ्या वर्षी मोहीम आली तेव्हा त्यांनी मुकाट्यानं बांधावर मुरमुरे टाकले. झुडपं काढून दिली. पारावर कुणी काही म्हटलं तर उत्तर देईनाशा झाल्या. डब्याची गोष्ट त्यांनी मला पुन्हा कधी ऐकवली नाही.

गोगलगायी त्या वर्षी कमी झाल्या. पुढच्या वर्षी उसातून पुन्हा आल्या, आधीपेक्षा जास्त. मग औषधही जास्त. भारद्वाजाचा घुमणारा आवाज शिवारातून गेला. माझी बदली झाली, तलवाड्याजवळच.

सहा वर्षं मी गप्प होतो. आणि मला बोलतं केलं ते पश्चात्तापानं नाही. तेही खरं खरं सांगतो. यंदा नवीन भरती झालेल्या सहायकांच्या प्रशिक्षणात मला अनुभव सांगायला उभं केलं. एका मुलीनं विचारलं, “सर, गोगलगायींसाठी बदकं वापरता येतात ना?” माझ्या तोंडून सहज निघालं, “आपल्याकडं टिकत नाहीत. एका गावात बाईंनी प्रयोग केला होता, रोगानं सगळी मेली.” तिनं ते वहीत उतरवून घेतलं. तिच्या शेजारच्यानंही. मी चाळीस माना वहीत वाकलेल्या बघितल्या. ही पोरं आता चाळीस गावांत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून धर्मापुरीच्या रस्त्याला लागलो.

मावशी अंगणात शेंगा निवडत होत्या. बऱ्याच वाकल्या होत्या. मी बाजेवर न बसता उभ्यानंच सगळं सांगितलं. मुरमुरे, पहाट, साथ, सगळं. त्यांचे हात थांबले.

“पुन्ना सांग.”

‘सांगा’ नव्हे, ‘सांग’. मी पुन्हा सांगितलं.

“म्हंजी रोग न्हवता.”

“नव्हता.”

“बाजारातली बदकं चांगली हुती.”

“चांगली होती.”

“म्हंजी,” त्या उठून उभ्या राहिल्या, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की मी एक पाऊल मागं सरलो, “म्हंजी माझं बरुबर हुतं!”

रागावल्या होत्याच. पण आधी हे. सहा वर्षं त्या बाईनं स्वतःला खोटं ठरवून घेतलं होतं, ते एका क्षणात फेकून दिलं. मग राग आला. हातातलं सूप माझ्या छातीवर आदळलं, शेंगा अंगणभर. “मुडद्या! माझ्या घरात ऱ्हाऊन! माझ्या हातची भाकर खाऊन! नऊ जीव, अन् ते पाखरू! अन् मी म्हने रोग आनला!”

“चुकलो, मावशी. माफ—”

“माफी बिफी ठिव तिकडं. मला एकटीला कोपऱ्यात सांगून मोकळा व्हायला आलास व्हय? मला खोटं पाडलं तवा समदं गाव हुतं. खरं सांगताना बी समदं गाव पायजे. ग्रामसभेला ये.”

गेलो. टेबलापाशी उभा राहिलो आणि बोललो. सभापती आता थकलेत, काठी घेऊन येतात. ते म्हणाले, “जाऊ द्या हो साहेब. बदकं हुती, मानसं न्हवती. सा वर्सांचं कशाला उकरता?”

“खाली बसा सभापती,” मावशी म्हणाल्या. “त्यो पैल्यांदाच खरं बोलाया लागलाय, त्याला मोडता घालू नगा. हां, आता त्येबी सांग. गोगलगायी कुठं वाढत्यात?”

“उसात,” मी म्हणालो. “बारमाही ओलाव्यात. आणि त्यांना खाणारे पक्षी आपण मारले म्हणून. मावशी तेव्हा बोलल्या ते सगळं बरोबर होतं. मला तेव्हाच माहीत होतं.”

“लिवून घ्या,” त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या. तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, लिहा.

ठराव वगैरे काही झाला नाही. ऊस उभाच आहे. सभा उठताना काही बायका मावशींभोवती जमल्या आणि त्या मोठमोठ्यानं हात हलवत काही समजावत होत्या. माझ्याकडं त्यांनी वळून बघितलं नाही. बघावं असं मला वाटलंही नाही.

पंधरा दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. कुणीतरी तक्रार केली असणार, कुणी ते मी शोधत नाही. नोटीस योग्यच आहे. कार्यालयातला माझा जुना मित्र चांगल्या मनानं म्हणाला, “अरे, बदकं आहेत हे ‘अनावधानाने लक्षात आले नाही’ एवढं एक वाक्य टाक. ताकीद देऊन सोडतील. निवृत्तीला अजून किती वर्षं आहेत तुझ्या!” त्यानं मसुदाही करून दिला. स्वच्छ अक्षरात.

मी तो फाडला. काय व्हायचं ते होवो. खुलासा मी माझ्या हातानं लिहिला, टपालात टाकला, पोच घेतली. त्यात एवढंच आहे: विष मी टाकलं. सगळ्या गावाला कोंबड्या बांधायला सांगितलं, या बाईंना मुद्दाम सांगितलं नाही. रोग नव्हता हे ठाऊक असताना रोग आहे म्हणालो. त्यांची बदकं बाहेर पडताना मी झोपेत नव्हतो.